चोवीस खणांचं लॅटिन

कपाट हलवायचं, एवढंच ठरलं होतं. रविवारी सकाळी दोन माणसं बोलवायची, एक टेम्पो सांगायचा आणि दुपारच्या जेवणापर्यंत विषय संपवायचा, असा थोरलीचा अंदाज होता. थोरलीचे अंदाज नेहमी असेच असतात. मागे एकदा तिनं नळाचा वॉशर स्वतः बदलायला घेतला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला दोन दिवस छत्री धरून भांडी घासावी लागली होती. तेव्हापासून ती हातात पक्कड घेऊन जिन्यात दिसली की ते लोक बादल्या बाहेर काढतात.

निमित्त झालं रंगाचं. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते आणि घराला रंग लागून अकरा वर्षं. रंगारी आला, त्यानं भिंतीवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली पांढरी पूड गुन्ह्याचा पुरावा दाखवावा तशी प्रत्येकाला दाखवली आणि वीस दिवसांनी येतो, तोवर भिंती मोकळ्या करा, असं बजावून गेला. पलंग, टेबल, फ्रीज सगळं खोलीच्या मध्ये ओढता येत होतं. बाबांचं कपाट येत नव्हतं. चोवीस छोट्या खणांचं, पितळी कड्यांचं ते जाड लाकडी धूड छापखान्यानं मोडीत काढलं होतं आणि बाबांनी ते घरी आणलं होतं. ज्या दिवशी ते आलं, त्या दिवसापासून त्या भिंतीला कोणी पाहिलेलं नव्हतं.

आई म्हणाली, "रंगारी यायच्या आत त्याचं काय ते ठरवा." धाकटा भाऊ कुठल्याही वस्तूकडे वजन किती भरेल या नजरेनंच बघतो. ओळखीचा भंगारवाला आहे, असं तो सांगू लागला, तेव्हा थोरलीनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की पुढचं वाक्य त्यानं चहाबरोबर गिळलं. मग तिनं जाहीर केलं की कपाट सार्वजनिक वाचनालयात जाईल आणि पुढची शंभर वर्षं लोक ते उघडून बघतील. धाकटा म्हणाला, जाऊ दे की, वीस दिवसांत गेलं तर वाचनालय, नाही गेलं तर भंगार. अशी सगळी मुदत ठरली.

आता त्या कपाटात काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर वाचकाला वाटेल की दागिने असतील. बाबा छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितशोधक होते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. असली नोकरी करणारा माणूस संध्याकाळी घरी आला की हात शिवशिवणारच. त्यांचं खास वैर होतं ते इंग्रजीत लॅटिनमधून आलेल्या शब्दांच्या अनेकवचनांशी. एक असला तर फोरम, दोन झाले की फोरा. स्टेडियमचं स्टेडिया, सिलॅबसचं सिलॅबाय, मेमोरँडमचं मेमोरँडा. फोरम्स म्हणणारा माणूस बाबांच्या मते दोन पायांत दोन वेगळे बूट घालून घराबाहेर पडलेला असे. प्रत्येक शब्दाला त्यांनी एक कार्ड केलं होतं. कार्डावर वर्तमानपत्राचं कात्रण, कात्रणातल्या चुकीच्या रूपावर लाल शाईची आडवी रेघ आणि वर मुंगीएवढ्या अक्षरात लॅटिन रूप. अशी चोवीस खण भरून कार्डं.

थोरलीला बाबांचं नाक मिळालं नाही, उंची मिळाली नाही, ही खोड मात्र सहीशिक्क्यानिशी मिळाली. आठवीत असताना तिनं मोठ्या ऐटीत 'ऑक्टोपाय' असं अनेकवचन केलं, तेव्हा तो शब्द मुळात ग्रीक आहे, त्याला लॅटिन शेपूट लावणं म्हणजे मांजराला शिंगं लावणं, हे बाबांनी तिला पाऊण तास समजावलं. दुसऱ्या दिवशी तिनं तोच पाऊण तास वर्गाला ऐकवला. वर्गानं तिचं नाव 'लॅटिन' पाडलं आणि शाळा संपेपर्यंत तिला त्याच नावानं हाक मारली. तिला ते बरेच दिवस कौतुकच वाटत होतं.

कपाट जाणार ही बातमी इमारतीत पसरायला एक दुपार पुरली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इन्स्पेक्टर खण मोजून गेले आणि त्यांच्या मते हे स्क्रू, खिळे आणि वॉशर ठेवायला जगातलं सर्वोत्तम कपाट होतं. 'वॉशर' म्हणताना ते थोरलीकडे बघत नव्हते, हे त्यांनी जरा जास्तच काळजीपूर्वक केलं. समोरच्या काकूंनी आधी मूळ भांडण काय आहे ते नीट समजून घेतलं. काकू कुठल्याही भांडणात बाजू घेण्याआधी ते समजून घेतात, म्हणून त्यांना इमारतीत मान आहे. मग त्या म्हणाल्या की यात अवघड काहीच नाही, शब्द म्हणजे सून. इंग्रजीच्या घरात नांदायला आली, तर आडनाव माहेरचं ठेवायचं की सासरचं, एवढाच प्रश्न. थोरली म्हणाली, माहेरचं. काकू म्हणाल्या, तू लग्नच केलं नाहीस, तुला म्हणायला काय जातंय. त्या दिवशी चहा जरा लवकर संपला.

सोमवारी थोरली ऑफिसातून अर्धी रजा टाकून वाचनालयात गेली. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई शांत स्वभावाच्या होत्या, आणि शांत माणसाकडून नकार घेणं किती अवघड असतं, हे तिला तिथे कळलं. दान स्वीकारण्याचा एक छापील अर्ज होता. त्यात तीनच रकाने होते: पुस्तक, नियतकालिक, फर्निचर. थोरली म्हणाली, हा संदर्भग्रंथ आहे. बाईंनी विचारलं, पानं किती? थोरली म्हणाली, पानं नाहीत, खण आहेत. बाई म्हणाल्या, खण असले की फर्निचर. फर्निचर म्हणून दिलं तर आतली कार्डं काढून द्यावी लागतील, कारण फर्निचर रिकामं घेण्याचा नियम आहे. संदर्भग्रंथ म्हणून द्यायचं तर समितीवरच्या एका जाणकाराचं मत लागेल आणि शिवाय कपाट मुळात छापखान्याचं असल्यामुळे छापखान्याचा ना हरकत दाखला. तो छापखाना बंद होऊन सहा वर्षं झाली होती आणि त्या जागी आता व्यायामशाळा होती. बाई म्हणाल्या, मग दाखला मिळायला थोडा वेळ लागेल.

जाणकार म्हणजे इंग्रजीचे एक निवृत्त प्राध्यापक. सडपातळ, मृदू आवाजाचे, आणि मतभेद व्यक्त करण्याआधी चष्मा पुसण्याची सवय असलेले. थोरलीनं नमुन्यादाखल दोन खण पिशवीतून नेले. प्राध्यापकांनी वाचनकक्षातल्या टेबलावर एकेक कार्ड काढून सावकाश पाहिलं. मग चष्मा पुसायला घेतला.

काम अफाट आहे, ते म्हणाले. असं काम आता कोणी करणार नाही. फक्त भाषा पुढे गेली आहे. फोरम्स आता चांगले चांगले लोक लिहितात आणि शब्द एकदा इंग्रजीत रुळला की त्यानं इंग्रजी अनेकवचन घ्यावं, हे त्याच्या तब्येतीला बरंच असतं. तेव्हा कपाट जरूर घेऊ, त्यावर एक छोटी पाटी लावू, 'एका पिढीचा दृष्टिकोन' अशी.

थोरलीला ते 'एका गेलेल्या माणसाचा हट्ट' असं ऐकू आलं. तिचे कान त्या आठ महिन्यांत तसेच झाले होते. मग 'शांतता राखा' या पाटीखाली जे झालं, ते तिला आजही पुसट आठवलेलं बरं वाटतं. प्राध्यापकांनी विचारलं, म्युझियमचं काय करता, म्युझिया म्हणता? त्याच सकाळी ती ऑफिसात म्युझियम्स म्हणाली होती. ती म्हणाली, "म्हणते." त्या एका शब्दामुळे पुढचे पंधरा दिवस तिला ते खरोखरच म्हणत फिरावं लागलं आणि ऑफिसातले लोक तो एखादा त्वचारोग असावा असं समजून तिच्यापासून थोडे लांब बसू लागले. पेपर वाचायला आलेल्या एका गृहस्थांनी मान वर करून विचारलं, मग ताई, बससुद्धा ऑम्निबसचीच शेपटी ना, स्टॉपवर दोन बाय आल्या असं म्हणायचं का? थोरलीनं त्यांना समजावलं की ऑम्निबस हे मुळातच 'सर्वांसाठी' अशा अर्थाचं चतुर्थीचं रूप, त्याचं अनेकवचन करताच येत नाही. ते समजेपर्यंत गृहस्थांची खरी बस निघून गेली.

शेवटी तिनं हुकमाचं पान काढलं. जवळजवळ प्रत्येक कार्डावर, लाल रेघ मारलेल्या शब्दाच्या खाली, पेन्सिलीच्या बारीक ठिपक्यांची एक ओळ होती. फोरम्सखाली ठिपके, स्टेडियम्सखाली ठिपके. ती म्हणाली, बघा, त्यांनी नुसतं खोडलं नाही, खोडून वर अधोरेखित केलंय, म्हणजे या चुकीची त्यांना किती चीड होती बघा. प्राध्यापकांनी ठिपके पाहिले. छापखान्याच्या खुणा त्यांच्या वाट्याला कधी आल्या नव्हत्या, त्यांनी मान हलवली.

"माझे वडील हयात असते, तर तुम्ही हे बोलला नसतात," थोरली म्हणाली.

"हयात असताना बोललो होतो," प्राध्यापक म्हणाले. "वर्तमानपत्रात पत्र लिहिलं होतं, त्यांच्या पत्राला उत्तर म्हणून. त्यांचं काही आलं नाही."

"उत्तर देण्याजोगं नसेल."

हे बोलून ती बाहेर पडली आणि दारातली छत्र्यांची बादली तिच्या पायानं लवंडली. मानी माणसानं वाचनालयातून बाहेर पडताना पायाखाली बघावं.

घरी येऊन तिनं चार पानी पत्र लिहिलं. कपाट दान करते, पण एका अटीवर: यातली एकही दुरुस्ती बदलली जाणार नाही, सौम्य केली जाणार नाही आणि तिच्याशी असहमती दाखवणारी पाटी कपाटावर अथवा कपाटाच्या दहा फुटांच्या आत लावली जाणार नाही. दहा फूट का, हे तिला विचारू नये. पत्र तिनं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. आई भाजी निवडत होती. सगळं ऐकून तिनं विचारलं, "ते प्राध्यापक फार बोलले का गं?" थोरली म्हणाली, फार नाही, पण हळू आवाजात बोलले. आईनं मान डोलावली आणि देठं गोळा केली.

दाखल्याच्या शोधात तेरा दिवस गेले. व्यायामशाळेच्या मालकानं तिला सभासद व्हायचं आहे असं समजून आधी तिचं वजन करून घेतलं. तिथून एका हिशेबनिसाचा पत्ता मिळाला, हिशेबनिसाकडून जुळाऱ्याचा. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून उचलून ओळी जुळवणारा माणूस. छापखाना बंद झाला तेव्हा मोडीत काढलेल्या सामानाच्या यादीवर याचीच सही होती. आता तो दोन दुकानांच्या फटीत बसून रबरी शिक्के करतो. थोरली सोळाव्या दिवशी एक खण मांडीवर घेऊन बसनं तिथे पोचली.

जुळाऱ्यानं तिला नाकावरून ओळखलं नाही, बोलण्यावरून ओळखलं. मोडीत काढलेल्या यादीत कपाटाचा क्रमांक अकरा होता, हे त्याला पाठ होतं. दाखला तो लगेच लिहून देणार होता, आणि छापखान्याचा शिक्का हवा असेल तर तोही अर्ध्या तासात करून देतो म्हणाला. थोरलीनं तत्त्वाचा माणूस नको म्हणेल तसं नको म्हटलं आणि मग त्याला प्राध्यापकांची गोष्ट सांगायला लागली. तोवर त्यानं खण पुढे ओढून कार्डं चाळायला घेतली होती. उलट्या बाजूनं, त्याच्याकडून पाहता डोक्यावर उभे असलेले शब्द तो सरळ वाचावेत तसे वाचत होता. पाच-सहा कार्डं झाल्यावर तो हसायला लागला.

"साहेबांनी सगळं परत घेतलं की."

थोरली म्हणाली, काय परत घेतलं?

"हे ठिपके." त्यानं काळं बोट फोरम्सखाली ठेवलं. "प्रुफात शब्द खोडला आणि मग वाटलं की नको, होता तोच बरा, तर खोडलेल्याच्या खाली ठिपके द्यायचे. ठिपके दिसले की आम्ही खिळ्यांना हात लावायचा नाही. ठिपके म्हणजे राहू दे."

थोरलीनं त्याच्या हातातून कार्ड घेतलं. मग दुसरं. मग तिसरं. लाल शाई जुनी होती, तपकिरी पडलेली. पेन्सिल नवी होती. हे तिनं पन्नास वेळा पाहिलं होतं. छत्तीस वर्षं प्रुफं वाचणाऱ्या माणसाच्या मुलीला प्रुफाची एक खूण माहीत नव्हती, आणि त्या अज्ञानावर तिनं चार पानी पत्र, एक अर्धी रजा आणि दहा फुटांची हद्द उभी केली होती. तिनं विचारलं, तुमची काही चूक तर होत नाही ना? जुळारी म्हणाला, "ताई, साहेबांचे ठिपके न बघता मी एकदाच शब्द बदलला होता. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चूक कशी होईल?"

परतीच्या बसमध्ये दाखला पिशवीत होता, खण मांडीवर होता आणि तिला तो जाताना होता त्यापेक्षा जड लागत होता. घरी आल्यावर तिनं चोवीसही खण जमिनीवर मांडले आणि संध्याकाळ होईपर्यंत कार्डं बघितली. फोरम्स राहू दे. स्टेडियम्स राहू दे. सिलॅबसेस राहू दे. ऑक्टोपाय मात्र लाल रेघेखाली तसाच आडवा पडला होता, एकही ठिपका न मिळता. अशी हट्टाची कार्डं एकूण सात निघाली. सात कार्डांवर बाबा ठाम होते. बाकी सगळ्यांवरून त्यांनी पाऊल मागे घेतलं होतं.

आई दिवा लावायला आत आली आणि कार्डांमधून वाट काढत पलंगाच्या कडेला टेकली. थोरलीनं तिला ठिपक्यांचं सांगितलं.

"हो," आई म्हणाली. "शेवटची दोन-तीन वर्षं रोज दुपारी पेन्सिल घेऊन बसायचे. मी एकदा विचारलं, काय चाललंय. म्हणाले, माघार घेतोय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू आलीस की तुझं भाषणच सुरू व्हायचं. ते ऐकत बसायचे." आईनं एक कार्ड उचलून पुन्हा होतं तिथे ठेवलं. "त्यांना आवडायचं ते. म्हणायचे, अगदी मी बोलायचो तशी बोलते. मग तुला कसं सांगणार, की ते आता तसं बोलत नाहीत."

 थोरलीनं खण एकेक करून जागेवर लावले. एक खण उलटा बसत होता, तो काढून पुन्हा लावला.

समितीची बैठक अठराव्या दिवशी होती. थोरली पोचली तेव्हा तिचा विषय होऊन गेला होता, आणि दाराशीच ग्रंथपाल बाईंनी तिला आनंदाची बातमी दिली. कपाट संदर्भग्रंथ म्हणून कार्डांसह स्वीकारलं होतं, दाखला तेवढा तिनं आता जोडायचा होता, तिची अट शब्दशः मंजूर झाली होती, दहा फुटांसकट. कोणी सुचवलं? प्राध्यापकांनी. दुखावलेल्या घराशी वाद घालू नये, असं ते म्हणाले होते. नशिबानं माणसाला जिंकवावं तर असं, की त्याला जिंकल्याबद्दल माफी मागायला आत जावं लागावं.

ती आत गेली. टेबलाभोवती सहा माणसं बसली होती आणि सहाही जणांनी तिच्याकडे, आता ही आणखी काय मागणार, अशा नजरेनं पाहिलं. अट मी मागे घेते, ती म्हणाली. समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं की मंजूर झालेली अट मागे घ्यायला नवा अर्ज लागेल. ती म्हणाली, करते. मग ती प्राध्यापकांच्या खुर्चीपाशी गेली, पिशवीतून एक कार्ड काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि ठिपक्यांचा अर्थ जुळाऱ्यानं सांगितला तसाच त्यांना सांगितला.

कार्ड सिलॅबसचं होतं. त्यावर बातमीच्या कात्रणाशेजारी आणखी एक कात्रण चिकटवलेलं होतं, आठ वर्षांपूर्वीचं, पत्रव्यवहाराच्या सदरातलं. खाली प्राध्यापकांचं नाव छापलेलं होतं. बाबांनी ते कडा सरळ कापून, चारी कोपरे दाबून चिकटवलं होतं. त्यात एका शब्दालाही लाल शाई लागलेली नव्हती. शेजारी, खोडलेल्या सिलॅबसेसखाली, ठिपके.

प्राध्यापकांनी चष्मा पुसायला काढला. बराच वेळ पुसला.

"हे त्यांनी मला कळवलं का नाही?"

"आमच्याकडे माघार घेतात," थोरली म्हणाली, "कळवत नाहीत. मी कळवायला आले आहे. आणि त्या दिवशी बोलले त्याबद्दलही."

प्राध्यापक म्हणाले, बसा. बैठक संपल्यावर दोघं वाचनकक्षात तासभर बसले. ते आधी बाबांच्या पत्रांबद्दल बोलले, मग लॅटिनबद्दल, मग डेटा हे एकवचन धरावं की अनेकवचन यावर. थोरली ऐकत होती. टेम्पो शनिवारचा ठरला. भंगारवाल्याला नको म्हणून सांगायचं काम धाकट्यानं आपण होऊन अंगावर घेतलं, आणि मुदतीत दोन दिवस उरले होते हे त्यानं स्वतः मान्य केलं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, काय झालं? थोरलीनं सगळं सांगितलं. मग चप्पल जागेवर ठेवत म्हणाली, "प्राध्यापक एका ठिकाणी चुकले. ऑक्टोपस लॅटिन आहे म्हणाले."

"मग? सांगितलंस ना त्यांना?"

"नाही."

आईनं हातातलं फडकं खाली ठेवलं, जवळ आली आणि हाताची पाठ तिच्या कपाळाला लावून बघितली.